घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

जैन कर्मशास्त्राने झोपेचा फार बारकाईने विचार केला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायातील दर्शनावरणीय कर्माच्या नऊ भेदांपैकी पाच निद्रेचेच आहेत. सहज जाग येते ती निद्रा, कष्टाने येते ती निद्रानिद्रा आणि बसल्या जागी डुलकी लागते ती प्रचला.

इतवारीच्या पेढीवर दुपारी गादीवरच डोळा लागला, की नागपूरच्या उन्हाला दोष दिला जातो. व्याख्यानात डुलकी आली, की तो प्रमाद ठरतो. रात्री मात्र तीच व्यक्ती मोठ्याने घोरत असली, तर घरचे समाधानाने म्हणतात, ‘किती गाढ झोप!’ या तिन्ही समजुतींआड एकच आजार दडलेला असू शकतो. तो म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासमार्ग अरुंद होतो. त्यातून हवा जाताना घोरण्याचा आवाज येतो. मार्ग पुरता मिटला, की श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. तासाला असे ५ प्रसंग घडले, तरी आजाराची नोंद होते. ३० च्या पुढे तो तीव्र मानतात. सकाळी रुग्णाला यातले काही आठवत नाही. डोके जड असते, इतकेच.

उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशी या आजाराचा निकटचा संबंध आहे. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव सांगितले होते. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या सरळसोट समृद्धी महामार्गावर स्वतः गाडी चालवणाऱ्या व्यापाऱ्याला तर क्षणभराची डुलकीही महागात पडू शकते.

निदानासाठी एका रात्रीची झोपतपासणी पुरते. काहींची ती घरीही होते. सौम्य आजारात वजन घटवणे, कुशीवर झोपणे किंवा दंतवैद्याने बनवलेली जबड्याची पट्टी उपयोगी पडते. मध्यम व तीव्र आजारात सीपॅप यंत्र हा मुख्य उपचार होय. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये तो जगापुढे मांडला. मुखवट्यातून येणारा हवेचा दाब श्वासमार्ग उघडा ठेवतो. मुले घोरत असतील, तर टॉन्सिल व अ‍ॅडिनॉइड तपासून घ्यावेत.

चौविहार आणि मद्यत्याग यांची येथे मदतच होते. उशिराचे जड जेवण व मद्य झोप बिघडवतात. मात्र आजार जडल्यावर केवळ तपश्चर्येवर विसंबू नये. सीपॅप खोलीतील हवाच देते, त्यात औषध नसते. पौषधाच्या रात्री विजेचे यंत्र वापरता येत नसेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि आपली अडचण गुरुमहाराजांपुढे मोकळेपणाने मांडावी.

या आजाराचा पहिला साक्षीदार रुग्ण नसतो. शेजारी झोपलेली व्यक्ती असते. घोरणे मध्येच थांबून पुन्हा धाप लागल्यासारखे सुरू होत असेल, तर श्राविकेने ते हसण्यावारी नेऊ नये. मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे. उपचाराची सुरुवात बहुधा तेथूनच होते.