‘घराण्याचा स्वभाव’ आणि अपात्रतेचा शेरा

मराठवाड्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली की गावात एक वाक्य ठरलेले असते, “त्या घराण्याचा स्वभावच तसा, बापही असाच कुढायचा.” हेच वाक्य जबाबात उतरते आणि ‘कर्जामुळे नव्हे’ म्हणून प्रकरण अपात्र ठरते. एक लाखाची मदतही विधवेच्या हाती पडत नाही.

आम्ही विज्ञान नाकारत नाही. आईवडिलांना वा भावंडांना नैराश्य असेल तर धोका दुप्पट-तिप्पट असतो. मनाला लावून घेणारा स्वभावही काही अंशी रक्तातून येतो. पण जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३७ टक्केच निघाला. उरलेला परिस्थितीचा: नापिकी, सावकार, अपमान. बापाकडून स्वभाव येतो तसे कर्जही येते!

आणि ज्यांच्या नावे सातबाराच नाही त्यांचे काय? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२२ मध्ये देशात ५,२०७ शेतकऱ्यांनी व ६,०८३ शेतमजुरांनी आत्महत्या केली. मजूर जास्त! भूमिहीनाचे घर मात्र या मदतीत बसत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ उपचाराचा हक्क देते. तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. ज्या घरातला एक गेला, तिथल्या पोराची झोप उडाली, तो गप्प राहू लागला, तर त्याला घाटीत न्यावे, निदान १४४१६ वर फोन लावावा. आणि जबाबावर अंगठा देण्यापूर्वी त्यात ‘स्वभाव’ हा शब्द कुणी घातला, ते मोठ्याने वाचून घ्यावे.