पेन कोणी धुवायचे?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या शाळेच्या चित्रकलेच्या कपाटात किंवा घरी एखाद्या काकांच्या खणात एक चपटी डबी पडलेली असण्याचा संभव आहे. तिच्यात तीन-चार पेने असतात. निबेच्या जागी बारीक नळी, आणि टोपणावर ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ असे आकडे. ही तांत्रिक आरेखनाची पेने होत. पूर्वी स्क्रूने कमी-जास्त करायच्या दोन पात्यांचे रुलिंग पेन वापरत. हॅम्बुर्गच्या रोट्रिंग कंपनीने १९५३ साली ‘रॅपिडोग्राफ’ बाजारात आणला आणि नळीची पेने जगभर पसरली. संगणक येईपर्यंत इमारतींचे, पुलांचे, यंत्रांचे नकाशे अशा पेनांनी ट्रेसिंग कागदावर उतरत.

आता त्यातले एक पेन कागदावर टेकवून पाहा. बहुधा ते उमटणार नाही. पण म्हणून ते बिघडले असे समजू नका. ते न धुता ठेवले गेले आहे, एवढेच.

असे का होते? फाउंटन पेनाच्या शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो. आरेखनाच्या काळ्या शाईत तसे नसते. तिच्यात काजळीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. काजळी प्रकाश अडवते, म्हणूनच ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट काढताना रेघ स्वच्छ उठे. कण कागदाला चिकटून राहावेत म्हणून पारंपरिक शाईत लाख घालत, आणि लाख पाण्यात उतरावी म्हणून टाकणखारासारखा अल्कधर्मी पदार्थ. काही शायांत लाखेऐवजी कृत्रिम राळ असते. पाणी उडून गेले की मागे काजळीचा आणि लाखेचा कडक थर उरतो. नुसत्या पाण्याने तो सहज सुटत नाही. कागदावर हा शाईचा गुण आहे, नळीत मात्र तोच दोष ठरतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि हवा कोरडी असते. अशा दिवसांत टोपण उघडे राहिले, तर टोकावरची शाई सुकायला कितीसा वेळ लागणार?

आता थोडे गणित करू. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. हा पॉइझ्येचा नियम. पेनाच्या नळीत एक बारीक तार असते, ती तूर्त बाजूला ठेवू. आतील व्यास ०.५ मिलिमीटर असेल आणि भिंतीवर ०.०५ मिलिमीटर जाडीचा थर बसला, तर त्रिज्या ०.२५ वरून ०.२० होईल. प्रवाह मात्र पहिल्याच्या सुमारे ४१ टक्केच उरेल. व्यास ०.२५ मिलिमीटर असेल, तर तेवढ्याच थराने प्रवाह १३ टक्क्यांवर येईल. बारीक पेने आधी का रुसतात, ते या आकड्यांवरून कळते.

धुण्याची रीत सोपी आहे. शाईची कुपी काढून रिकामी करा. टोकाचा भाग कोमट पाण्यात साबणाचे थेंब टाकून रात्रभर भिजू द्या. साबणाचे पाणी सौम्य अल्कधर्मी असते, त्यामुळे लाख सैल होते. उकळते पाणी नको, प्लॅस्टिक वाकते. नळीतली तार पेन टोकावर टेकले की किंचित वर सरकते, उचलले की खाली येते आणि वाट मोकळी ठेवते. पेन आडवे धरून हलवल्यावर खुळखुळ आवाज आला, तर तार सुटली असे समजा. बारीक पेनांची तार ओढून बाहेर काढू नका. ती वाकली तर पेन संपले. शाई बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते, म्हणून हवेची वाटही धुवा. कूपनलिकेचे पाणी जड असेल, तर शेवटची धुणी ऊर्ध्वपातित पाण्याची करा, म्हणजे क्षार मागे राहणार नाहीत. पुढे पेन ठेवताना टोक वर असू द्या.

तुम्ही विचाराल, आता नकाशे संगणकावर निघतात, मग या जुन्या पेनाचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. पेन परत वापरात यावे, असा माझा आग्रह नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. टोपणावरचा ०.५ हा आकडा म्हणजे एक माप आहे. नळी चोंदली की ते माप खोटे ठरते, जसे शून्यदोष असलेल्या व्हर्निअरचे वाचन. म्हणजे पेन स्वच्छ करणे हा मोजमापाचाच भाग झाला.

पण आपण तसे मानतो का? प्रात्यक्षिक संपते, मुले वही घेऊन निघतात, आणि ब्यूरेट, भिंगे, परीक्षानळ्या प्रयोगशाळेतला शिपाई धुतो. गुण देतो ते वाचनाला, आकडेमोडीला आणि आकृतीला. डोक्याचे काम वरचे, धुण्यापुसण्याचे खालचे, आणि ते दुसऱ्या कुणाचे, हा धडा मुले न शिकवता शिकतात. मला हा धडा विज्ञानाच्या मुळावर येणारा वाटतो. आपल्या सोलापुरातील यंत्रमागाच्या कारखान्यात जाऊन पाहा. जो हात मागावरची कापसाची धूळ झाडतो, तेल देतो, त्याच हाताला आवाजावरून कळते की कुठे काय अडले आहे. साधन उघडून धुतल्याशिवाय ते आतून कसे चालते, हे कळायचे कसे?

काही शिक्षक म्हणतील, मुलांच्या हाती दिले तर मोडेल. मोडेलही एखादे. म्हणून आरंभ ०.७ च्या जाड पेनाने करावा. तेही नसेल तर साधे फाउंटन पेन चालेल. केशाकर्षण आणि हवेचा दाब त्यातही आहेत. वापरून फेकायचे पेन मात्र या कामाचे नाही, ते उघडण्यासाठी केलेलेच नसते.

माझी सूचना लहान आहे. प्रात्यक्षिकाच्या गुणांपैकी दोन गुण, साधन कोणत्या स्थितीत परत ठेवले, यासाठी राखावेत. आणि मित्रहो, गुणांची वाट न पाहता तुम्ही या रविवारी एक चोंदलेले पेन भिजत घाला. सोमवारी सकाळी ते हलवा, आणि खुळखुळ आवाज येतो का ते ऐका.