बेअरिंग घरी बदलावं का? निम्मं काम घरी, निम्मं प्रेसवर

मैत्रिणींनो, आज स्वयंपाकघर सोडून दारात उभ्या असलेल्या गाडीकडे वळते. चाकाचं बेअरिंग गेलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "व्हिडिओ बघून घरीच करू, मजुरी वाचेल." दुसरा म्हणतो, "गॅरेजला टाका आणि मोकळे व्हा." आमच्याकडे मुलगा पहिल्या पक्षात आणि हे दुसऱ्या. मी दोघांचं ऐकून घेतलं, गाडीचं मॅन्युअल वाचलं, आणि माझं मत तिसरंच झालं. खोलणं आणि जोडणं घरी होऊ शकतं. दाबून बसवणं मात्र प्रेसवरच व्हायला हवं, मग काम घरचं असो की गॅरेजचं.

आधी वस्तू समजून घेऊ. काही गाड्यांत बेअरिंग आणि हब एकत्र येतात. चार बोल्ट काढले, नवीन लावलं, झालं. पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांत बेअरिंग वेगळं असतं. चाकामागे जो ओतीव लोखंडी भाग असतो त्याला नकल म्हणतात. त्याच्या भोकात बेअरिंग घट्ट दाबून बसवलेलं असतं, आणि बेअरिंगच्या आत हब तसाच घट्ट दाबलेला असतो. चाक या हबवर लागतं. बोल्ट नाही, चिकटवलेलं नाही, केवळ घट्टपणावर सगळं धरलेलं. बेअरिंग सरकू नये म्हणून एक सर्क्लिप असते, एवढंच.

हब ओढून काढला की आतल्या कडीचा अर्धा भाग त्याच्यासोबतच येतो आणि छर्रे मोकळे होतात. म्हणून एकदा हब काढला की ते बेअरिंग पुन्हा वापरायचं नसतं. "जुनं बरं दिसतंय, तेच बसवू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आता मुख्य मुद्दा. बेअरिंगला दोन कड्या असतात, बाहेरची आणि आतली, आणि मध्ये छर्रे. नकलमध्ये बेअरिंग बसवताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर द्यायचा. नंतर त्यात हब बसवताना आतल्या कडीला खालून आधार द्यायचा. हे उलटं झालं तर सगळा जोर छर्‍यांमधून जातो आणि ते ज्या गुळगुळीत वाटेवर फिरतात तिथे बारीक खड्डे पडतात. डोळ्यांना काही दिसत नाही. गाडी सुरू होते, सगळे खूश होतात, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तोच घूंऽऽ आवाज. हातोडीने ठोकून बसवलं की हाच धोका असतो. शिवाय तिरकं गेलं तर नकलचं भोक खरवडतं, आणि मग खर्च बेअरिंगपुरता राहत नाही.

कासार बांगडी भरतो तेव्हा जोर कुठे द्यायचा हे त्याला ठाऊक असतं. आपण घाईत ढकलली तर बांगडीही फुटते आणि हातही कापतो. इथेही ताकदीपेक्षा जागा महत्त्वाची.

मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे जमाखर्च मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. बेअरिंग दाबण्याचे हाताने फिरवायचे स्क्रूचे संच मिळतात आणि नीट वापरले तर काम होतं. पण घरात एक गाडी असेल तर तो संच कित्येक वर्षांत एकदा लागणार. हा भांडवली खर्च पडून राहतो. त्याउलट नकल सोडवून लेथच्या कारखान्यात किंवा हायड्रॉलिक प्रेस असलेल्या गॅरेजात नेली तर फक्त दाबणावळ द्यावी लागते. चुकीचं बसलं तर दुसरं बेअरिंग, दुसऱ्यांदा खोलणं, दुसऱ्यांदा अलाइनमेंट. वाचवलेली मजुरी तिथे दुप्पट जाते.

घरी खोलणार असाल तर काही गोष्टी मुलांना बजावून सांगा. मधला मोठा ॲक्सल नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा, गाडी उचलल्यावर त्याच्याशी झटापट नको. नट सैल असताना गाडी हलवायची नाही. नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड हवेतच आणि दुसऱ्या चाकांना उटी हवी. ब्रेकचा कॅलिपर त्याच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. एबीएस असेल तर बेअरिंगची चुंबकी बाजू सेन्सरकडे यायला हवी, आणि ती लोहचुंबकापासून दूर ठेवायची.

हबही तपासा. जिथे बेअरिंग बसतं तिथे झिजल्याच्या किंवा फिरल्याच्या खुणा असतील तर हब नवीनच घ्या. ढिल्या हबवर नवं बेअरिंग टिकत नाही.

जोडताना नट नवीन घ्यायचा आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच आवळायचा. समजा आकडा २०० न्यूटन-मीटर असेल, तर त्याचा अर्थ एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे २० किलोचा भार. हा अंदाज हाताला येत नाही. याच नटाने बेअरिंगच्या दोन अर्ध्या कड्या एकमेकींवर दाबून राहतात, त्यामुळे कमी आवळला तरी बेअरिंग जातं.

गॅरेजला देणार असाल तरी निश्चिंत होऊ नका. मालकाला सरळ विचारा, "भाऊ, बेअरिंग प्रेसवर बसवता की ठोकून?" उत्तर टाळलं किंवा "ठोकूनच बसतं ताई, काही होत नाही" असं आलं, तर गाडी दुसरीकडे न्या. हा प्रश्न विचारायला मेकॅनिक असावं लागत नाही. काम झाल्यावर जुनं बेअरिंग आणि नव्याची पावती मागून घ्या, आणि अलाइनमेंट करून घ्या.

हा कंटाळवाणा तपशील मी एवढ्यासाठी लिहिला की त्या गाडीत सून नातवाला घेऊन हायवेला जाते. चाकाचा आवाज गाण्याच्या आवाजात दबतो, पण दोष दबत नाही. बेअरिंग फारच झिजलं तर चाक डुलू लागतं, आणि तेव्हा गाडी कुठे असेल ते आपण ठरवू शकत नाही. मुलाच्या हौसेला माझा विरोध नाही. हात काळे करून शिकणं चांगलंच. फक्त जिथे यंत्र लागतं तिथे यंत्र वापरावं, आणि त्याचे पैसे देताना कुरकुर करू नये.