जबलपूरचा वकील, भोपाळचे दार

पर्यावरणाचे खटले लढवण्यात हयात घालवलेल्या जबलपूरच्या वकिलाची एक पंचाईत आहे. उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ त्याच्या गावात. पण २०१०च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मध्य विभागीय खंडपीठ तीनशेहून अधिक किलोमीटरवर, भोपाळला. ते जबलपूरला हलवा, ही इथल्या उच्च न्यायालयातील वकिलांच्या संघटनेची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये फेटाळली. मात्र त्याच निकालाने संविधानाच्या अनुच्छेद २२६ आणि २२७खालचे उच्च न्यायालयाचे अधिकार शाबूत असल्याचेही बजावले. आमच्या मते अनुभवी वकिलासाठी हा दुसरा भाग अधिक मोलाचा: कुठले दार ठोठावायचे हे ओळखण्यातच त्याचे निम्मे कसब असते.

ऑनलाइन सुनावणीच्या काळात अंतराचे रडगाणे कशाला, असा आक्षेप येईल. युक्तिवादापुरता तो खरा आहे. पण न्यायाधिकरणाच्या कायद्यातील कलम १४खालचा अर्ज वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. सबळ कारण दाखवले, तर फार तर साठ दिवस वाढवून मिळतात. तेवढ्या मुदतीत नर्मदेत मिसळणाऱ्या नाल्याचे तोंड शोधायचे, बाटलीत पाणी कोणी, कधी भरले आणि मोहोर कोणी लावली याची नोंद जपायची, गावकऱ्यांची प्रतिज्ञापत्रे करायची. मोहोर ढिली निघाली, तर प्रयोगशाळेचा अहवाल प्रतिपक्षाचा वकील दोन प्रश्नांत उडवतो. (ज्येष्ठ वकील हे शिकवतात, पाठ्यपुस्तके क्वचितच.) हे काम पडद्यावर होत नाही, त्यासाठी घाटावरच जावे लागते.