काळा पडदा आणि विचाराची शिस्त

घरातील दूरचित्रवाणी संचावर एकाएकी चित्र दिसेनासे झाले की बहुधा एकच प्रकार घडतो. कोणी संचावर थाप मारतो, कोणी सगळ्या केबल्स एकदम उपसून पुन्हा खोचतो. आणि तरीही पडदा काळाच राहिला, तर नवी केबल, प्रसंगी नवा संचच, आणण्यासाठी बाजाराची वाट धरली जाते. कधीकधी या खटाटोपाने चित्र परत येतेही. परंतु दोष कोठे होता हे कोणालाच कळत नाही. दुरुस्ती होते, ज्ञान होत नाही. आणि पुढच्या खेपेस तोच खर्च नव्याने करावा लागतो.

वस्तुतः होम थिएटरची रचना साखळीसारखी असते. सेट-टॉप बॉक्स हा तिचा पहिला दुवा, रिसिव्हर मधला आणि संच शेवटचा. त्यांना जोडणाऱ्या दोन केबल्स हेही दुवेच. प्रथम संचावर योग्य इनपुट निवडले आहे की नाही, हे पाहावे. ते बरोबर असल्यास रिसिव्हर वगळून बॉक्स पहिल्या केबलने थेट संचाला जोडावा. चित्र दिसले, तर संशय रिसिव्हर आणि दुसरी केबल या दोहोंपुरताच उरतो. न दिसले, तर बाकी काहीही न हलविता केवळ केबल बदलून पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही तितकाच खरा आहे.

दोषाचे स्वरूपही बोलके असते. जुन्या तीनरंगी कॉम्पोनंट जोडणीत हिरव्या टोकाच्या केबलमधून प्रकाशमान व चित्र स्थिर ठेवणारे संकेत जातात. ती सुटली की चित्रच जाते. लाल सुटली, तर चित्र राहते, पण रंग बिघडतात. २००२ साली आलेल्या एचडीएमआय जोडणीची गोष्ट निराळी. तिच्या १९ पिनांमधून केवळ चित्र व ध्वनीच जात नाहीत. आपण कोणत्या प्रकारचे चित्र दाखवू शकतो, हेही संच बॉक्सला कळवीत असतो. ही बोलणी फिसकटली, तर केबल धडधाकट असूनही पडदा काळा राहतो. अशा वेळी सर्व उपकरणे बंद करून, थोडे थांबून पुन्हा सुरू करणे हा अडाणी उपाय नव्हे. त्यास शास्त्रीय कारण आहे.

चित्रात ठिणग्यांसारखे ठिपके चमकत असतील किंवा ते मधूनमधून नाहीसे होत असेल, तर बॉक्सवर चित्राची सूक्ष्मता कमी करून पाहावी. तेवढ्याने चित्र स्थिर झाले, तर केबलला भार पेलत नसावा. सेकंदाला ६० चौकटींचे पूर्ण रंगांचे फोर-के चित्र नेण्यास सेकंदाला सुमारे १८ अब्ज बिटांची क्षमता लागते. तेवढी क्षमता प्रमाणित असलेली आणि लांबीने शक्य तितकी आखूड केबल पुरेशी असते. अंकीय संकेत अचूक पोहोचला, की सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलने रंग अधिक खुलत नाहीत.

इतका विचार करण्यास वेळ कोणास आहे, कारागीर बोलवावा, असे कोणी म्हणेल. संचाचे आवरण उघडण्याचे काम कारागिराचेच, यात शंका नाही. परंतु कोणता दुवा निकामी आहे, हे ज्याला सांगता येते, त्याची फसवणूक सहसा होत नाही. शाळाशाळांतून आज प्रक्षेपक यंत्रे आली आहेत व त्यांनाही बहुधा हीच केबल लागते. यंत्र अडले की विद्यार्थ्यांना दूर सारण्याऐवजी त्यांच्या हाती वही द्यावी. काय बदलले आणि काय घडले, हे त्यांना क्रमाने लिहू द्यावे. प्रयोगाची रीत पुस्तकातून पाठ होते. तिची सवय मात्र अशा काळ्या पडद्यासमोरच जडते.