देवाचा कौल आणि ऑफर लेटर

आमच्या ख्रिस्ती मंडळींमध्ये एक वाक्य फार चालतं - "प्रभूची इच्छा काय आहे ते बघतोय." नोकरी बदलायची असो, लग्न असो, फ्लॅट असो... गाडी पेट्रोलची घ्यावी की डिझेलची इथपर्यंत! मी स्वतः श्रद्धेने प्रार्थना करणारा माणूस आहे, त्यामुळे हे चेष्टेने लिहीत नाहीये. पण बघायचं म्हणजे नक्की कुठे बघायचं, हा प्रश्न पडतोच.

बरेच जण गिदोनाकडे बघतात. शास्ते या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात गिदोन रात्री खळ्यात लोकर ठेवतो. सकाळी लोकर ओली आणि जमीन कोरडी असेल तर देवाचा होकार. तसं घडतं. मग दुसऱ्या रात्री तो उलटं मागतो, लोकर कोरडी आणि जमीन ओली. गंमत म्हणजे काय करायचं ते देवाने त्याला आधीच सांगितलेलं असतं! लोकर ही मार्गदर्शनासाठी नव्हती, धीर सुटला होता म्हणून होती.

आपल्याकडे कोकणात देवाला कौल लावतात, पाकळी उजवीकडे पडली की डावीकडे ते बघतात. त्याला हसणारे आमचेच लोक डोळे मिटून बायबल उघडतात आणि बोट पडेल त्या ओळीत उत्तर शोधतात. आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मला त्यात रँडम नंबर जनरेटर दिसतो, आणि तोही सदोष. पुस्तक मधोमध उघडलं की बहुतेक वेळा स्तोत्रसंहिताच निघणार, कारण ती साधारण तिथेच छापलेली आहे.

नव्या करारात चिठ्ठ्या टाकून निवड झालेली दिसते ती मत्थियाची, प्रेषितांची कृत्येच्या पहिल्याच अध्यायात. पवित्र आत्मा उतरतो तो त्यानंतर. पुढे पंधराव्या अध्यायात मोठा पेच आला तेव्हा ते लोक एकत्र बसले, भरपूर वादावादी केली, आणि मग पवित्र आत्म्याला आणि आम्हाला असं योग्य वाटलं, अशा अर्थाचं पत्र लिहिलं. "आम्हाला" हा शब्द मला फार आवडतो.

संत इग्नेशियस लोयोला या विषयातले मोठे गुरू. (त्यांचा सोबती झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला.) पण १५२२ च्या सुमाराचा त्यांचा किस्सा ऐका. वाटेत भेटलेला एक मुसलमान प्रवासी मरियेबद्दल काहीतरी बोलून पुढे गेला. त्याला गाठून भोसकावं की सोडावं हे ठरेना, म्हणून इग्नेशियसनी फाट्यावर खेचराचा लगाम सैल सोडला. खेचराने दुसरा रस्ता धरला म्हणून तो माणूस वाचला. पुढे याच माणसाने नियम सांगितला की मन कोरडं, उदास असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. रात्री अकरा वाजता मॅनेजरची मेल वाचून राजीनामा टाइप करणाऱ्यांनी हा नियम मॉनिटरवर चिकटवावा.

माझा एक मित्र आहे. नोकरी पुण्यात, घर आंबागडला, म्हणजे भंडारा जिल्ह्यात, तुमसरजवळ. गावी आई-बाबा आणि धानाची शेती. त्याला कॅनडाची ऑफर आली आहे आणि तीन आठवडे तो खूण मागतोय. बाबांना विचारलंस का, म्हटलं तर म्हणाला, "आधी देवाकडून नक्की होऊ दे, मग सांगतो."

त्याच्या तुमसर रोड स्टेशनवरून जाते त्याच लाइनवर, १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांना एका सहप्रवाशाने नवा करार दिला. टिळकांनी वाचायचं कबूल केलं, वाचत गेले, डोंगरावरील प्रवचनाने हलले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जवळजवळ दोन वर्षं! त्यांना हाक आली होती यावर माझा विश्वास आहे. पण त्या पाऊलात लक्ष्मीबाई बरोबर नव्हत्या. ताटातूट, लोकांची बोलणी, एकटेपण, सगळं त्यांच्या वाट्याला आलं. 'स्मृतिचित्रे' वाचा, इतक्या हसतखेळत लिहिलंय की दुखणं नंतर जाणवतं. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या त्याही हिंदू म्हणूनच, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतः विचार करून, स्वतःच्या वेळेला.

"देवाने सांगितलं" या वाक्याशी वाद घालता येत नाही. म्हणूनच ते घरात वापरताना मला भीती वाटते. निर्णयाची किंमत ज्यांना मोजायची आहे त्यांना न विचारता मिळालेला होकार मी तरी अर्धाच धरेन. आई-वडिलांचा मान ठेवा ही तर दहा आज्ञांतली, दगडावर कोरून दिलेली. तिच्यासाठी वेगळी खूण कशाला?

आणि पेट्रोल की डिझेल, ते रोजचे किलोमीटर मोजून ठरवावं. देवाने कॅल्क्युलेटर चालवण्यापुरती अक्कल दिलीय.

मित्राला मी एवढंच म्हटलं की लोकर बाजूला ठेव, बाबांना फोन लाव. सध्या रोवणी सुरू आहे, रात्री आठनंतरच भेटतील म्हणाला.