संकल्प नको, खुंटी हवी!

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या रत्नागिरीत दरसाल एक चमत्कार घडतो. एरवी सातपर्यंत पांघरूण न सोडणारी मुले त्या दिवशी चार वाजता उठून बसतात. अंगाला तेल, डोळ्यांत झोप आणि केसांत उटण्याचा वास, अशा थाटात ती तुळशीपुढे गोळा होतात आणि अंगठ्याखाली कारीट आधी कोणी फोडायचे यावरून भांडतात. या मुलांनी पहाटे उठण्याचा संकल्प सोडलेला नसतो, की त्यांना इच्छाशक्तीवर कोणी व्याख्यान दिलेले नसते. तरी ती उठतात! आणि सुट्टी संपून शाळा भरू लागली, की हीच मुले पहिली घंटा चुकवतात. मग आम्ही मास्तर मंडळी डोळे वटारून विचारतो, "काय रे, इच्छाशक्ती म्हणून काही आहे की नाही तुला?"

हा प्रश्न मी स्वतः वीस वर्षे विचारीत आलो आहे. तो शुद्ध मूर्खपणाचा होता, हे कबूल करण्यासाठीच आज लेखणी उचलली आहे.

आपल्याकडे संकल्पांचे हंगाम तीन. एक जानेवारी, गुढीपाडवा आणि आता चार दिवसांवर आलेला दिवाळीचा पाडवा. रोज व्यायाम करीन, रोज दहा पाने वाचीन, जेवताना मोबाइल हातात घेणार नाही! आंब्याच्या मोहोरासारखे हे संकल्प भरभरून येतात आणि मोहोरासारखेच गळतात. बागाईतदार मोहोर गळाला तर हवेला, तुडतुड्यांना, नाहीतर स्वतःच्या हयगयीला दोष देतो; कलमाला कोणी 'तुझ्यात जिद्द नाही' म्हणत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

यात आता एक नवे शास्त्र निघाले आहे. एकवीस दिवस एखादी गोष्ट करा, की तिची सवय लागलीच म्हणून समजा! व्याख्याते हे छातीठोकपणे सांगतात आणि गणपतीच्या एकवीस दूर्वांशी आकडा जुळत असल्यामुळे आपल्यालाही तो चटकन पटतो. हा आकडा आला कोठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन शल्यविशारद होते. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याला आरशातल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान एकवीस दिवस लागतात, असे निरीक्षण त्यांनी १९६० साली आपल्या पुस्तकात नोंदवले. त्यातले 'निदान' पुढे गळून गेले आणि एकवीस तेवढे उरले! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग केला. तो २०१० साली छापून आला. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कामाला जोडून रोज एक साधी गोष्ट करायची, एवढेच त्या माणसांना सांगितले होते. ती अंगवळणी पडायला सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागले. पण कोणाचे काम १८ दिवसांत झाले, तर कोणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. शिवाय मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसे काही बिघडले नाही. विल्यम जेम्स या मोठ्या मानसशास्त्रज्ञाने १८९० साली नवी सवय पक्की होईपर्यंत एकदाही खंड पडू देऊ नका, असे बजावले होते. त्या धाकाने किती जणांनी बाविसाव्या दिवशी हात टेकले असतील!

या प्रयोगातले मला महत्त्वाचे वाटते ते दिवसांची मोजदाद नव्हे, तर 'ठरलेल्या कामाला जोडून' हे शब्द. आमच्या जुन्या घराच्या पडवीत सागवानी खुंट्यांची ओळ होती. एकीवर छत्री, एकीवर बाजाराची पिशवी, एकीवर कंदील. बाजाराला निघालेल्या माणसाचा हात आपोआप पिशवीकडे जाई. राज्यात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा कापडी पिशवी वापरण्याची शपथ मी वर्गाकडून घेवविली, आणि संध्याकाळी भाजी मात्र प्लास्टिकच्या पिशवीतून घरी आणली! कापडी पिशव्या घरात सात होत्या; पण त्या कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांखाली. शेवटी चपलांच्या वर भिंतीत एक खिळा ठोकला. त्या दिवसापासून पिशवी विसरलेलो नाही. शपथेने जे झाले नाही ते दोन इंची खिळ्याने केले.

पाढ्यांचेही तसेच. तिन्हीसांजेला दिवा लागे, दिव्याबरोबर शुभंकरोति आणि शुभंकरोतीला लागूनच परवचा. पाढे म्हणायचा निश्चय आम्ही कधी केला नाही. दिवाच आम्हाला ओढून नेई. आता दिवा बटणावर लागतो, त्याने मुलांना हाक मारायची कशी?

पण 'गेले ते दिवस' म्हणून गळा काढण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्या जुन्या घरातल्या खुंट्यांवर चांगल्या सवयी टांगलेल्या होत्या, तशा घाणेरड्याही होत्या. पाणी वरून ओतायचे, एखाद्याने अंगणाबाहेरच थांबायचे, वर्गात काही पोरांनी वेगळे बसायचे. ही शिवाशिवसुद्धा रोजची सवयच होती, आणि ठरावांनी ती हलली नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, हा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तीन वर्षे ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात! २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले आणि त्यांनी पाण्याला हात लावला, तेव्हा सवयीला पहिला खरा धक्का बसला. आणि त्यासाठी त्यांच्या माणसांना डोकी फोडून घ्यावी लागली. आमच्या रत्नागिरीतही त्याच काळात सावरकरांनी सहभोजने घडवली, शाळांतून मुले जातवार न बसवता सरमिसळ बसवावीत म्हणून खटपट केली, आणि १९३१ साली भागोजीशेठ कीरांच्या पैशाने पतितपावन मंदिर सर्वांसाठी उभे राहिले. या माणसांचे विचार एकमेकांपासून किती दूर होते, हे मी विसरलेलो नाही. पण 'मन शुद्ध करा, मग सवय आपोआप जाईल' एवढ्यावर दोघांपैकी कोणीच थांबले नाही. पाणवठ्यावरची, पंक्तीतली, वर्गातली जागा बदलावी लागते, हे दोघांनीही जाणले होते.

एवढे इतिहासात दिसत असूनही वर्गात मी आंधळाच होतो. बंदराकडच्या वस्तीतला एक मुलगा गृहपाठ कधी करीत नसे. मी त्याला बाहेर उभा केला, चारचौघांत बोललो. एकदा त्याच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. एक खोली, सात माणसे, कोपऱ्यात जाळी, आणि संध्याकाळभर दूरदर्शन संच चालू. वही उघडायला हातभर जागा नव्हती. मी त्याच्याकडे मागत होतो ती सवय त्याने टांगायची कोठे? दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर अर्धा तास एक वर्ग उघडा ठेवला. तोच बाक, तीच खिडकी. पहिल्या आठवड्यात तीन पोरे आली, पावसाळा संपेपर्यंत अकरा झाली. तो मुलगा काही हुशार निघाला नाही. पण त्याचा गृहपाठ पुरा होऊ लागला. त्याला दिलेल्या शिक्षा मात्र परत घेता येत नाहीत.

येथे कोणी विचारील, मग माणूस म्हणजे निव्वळ कळसूत्री बाहुली काय? मुळीच नाही. इच्छाशक्ती लागते, पण ती खुंटी ठोकण्यापुरती, एकदाच. रोज उठून नुसत्या हाताने ओझे तोलून धरायला ती आपल्याला दिलेली नाही.

आता शेवटचे आणि सांगायला जड जाणारे. मी रोज पहाटे पाच ते सात लिहितो. या नेमाने माझ्या कादंबऱ्या झाल्या. एका सत्कारात 'ही शिस्त कोठून आणलीत?' असे कोणी विचारले, तेव्हा मी मान ताठ करून 'इच्छाशक्ती!' असे उत्तर दिले आणि टाळ्या घेतल्या. गेल्या वर्षी आईच्या आजारपणासाठी माझी पत्नी महिनाभर माहेरी गेली. तिसऱ्या दिवशी मी साडेसहाला उठलो. आठव्या दिवशी लेखन बंद पडले. ती परत आल्यावर मी हवामानाची, पाठदुखीची कारणे सांगू लागलो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अहो, तुम्ही पाचाला उठता ते मी साडेचाराला उठून चहा टाकते म्हणून. माझ्या इच्छाशक्तीचा सत्कार नाही केला तो कोणी."

वीस वर्षे माझी खुंटी भिंतीत नव्हती. ती एक जिवंत बाई होती! थोरामोठ्यांच्या नेमधर्माच्या कथा आपण मुलांना सांगतो, तेव्हा त्यांच्या स्नानाचे पाणी कोणी तापवले हे त्या कथांत नसते. 'आमच्या घराला शिस्त आहे' असे म्हणणाऱ्या दर पुरुषाने घरात सर्वांआधी कोण उठते ते पाहावे. आपल्या चांगल्या सवयीचे ओझे दुसऱ्याच्या झोपेवर टांगलेले असेल, तर तिला सद्गुण म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

त्यानंतर मी रात्रीच पातेल्यात पाणी मोजून ठेवतो, शेजारी चहा-साखरेचे डबे आणि काडेपेटी. टेबलावर कोरा कागद आणि उघडलेले पेन. पहिल्या दिवशी चहा उतू गेला, मध्ये चार दिवस खाडेही झाले. तरी आता घडी बसली आहे. आणि चहा दोन कप होतो.

यंदा पाडव्याला मी कसलाही संकल्प करणार नाही. त्याआधी नरकचतुर्दशीची पहाट आहे. आदल्या रात्रीच न्हाणीघरातला हंडा भरून चुलीत लाकडे रचून ठेवणार आहे. साडेतीनला जाळ मी करीन. ती उठेल ती पाणी तापल्यावर, तेल लावून घ्यायला.